भोकांचे पैसे

काचेमागचं टेबल मधाच्या रंगाचं.
विक्रेत्यानं कागद पुढे केला :
अलेर्से. जिवंत तोडायला बंदी,
पण हे पन्नास वर्षांपूर्वीच मेलेलं.
शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.
मी वाकून पायाला आतून नख लावलं.
नखाला चीक लागला.

कागदावर मेलेलं झाड
कास्त्रोचा अख्खा चढ
माझ्या बोटाला चिकटून आलं.
रेमिखियो म्हणाला, तुला हुंगायची खोडच आहे.

मग बाउदिलियोची शेड, भरतीच्या रेषेवर.
आधी त्यानं विचारलं, कुणाची पोरगी?
मगच ताडपत्री ओढली.
'ही एदुविना. तुझ्या मामानं
हिच्यातून बटाटे नेलेत, एकदा गाय,
एकदा नवरी.'
सायप्रसच्या राखाडी फळ्या,
कुठे डांबर, कुठे शिंपल्यांचे वण,
आणि भोकंच भोकं.

किंमत ऐकून रेमिखियो हसला :
म्हणजे भोकांचेही पैसे?
म्हातारा रंधा पुसत राहिला.
'भोकं फुकट.
पैसे खिळे उपटायचे. दोनशे अकरा.'

आता टेबल घरात आहे.
एक पाय आखूड, खाली शिंपला सरकवलाय.
दमट दिवशी फळीवर मीठ उमटतं,
धाकटी बोट फिरवून चाटते.
पावाचा चुरा भोकांत अडकतो
म्हणून रेमिखियो कुरकुरतो,
आणि जेवण झालं की
काडी घेऊन एकेक भोक कोरत बसतो.

ओठ हलतात त्याचे.
काल एकशे ऐंशीपर्यंत आला होता.