एकच गिअर

शुक्रवारी आवाज सुरू झाला.
उजवा पाय खाली गेला की : कट्.
शर्यत रविवारी, माझी वेळ सहा बेचाळीस,
केपे ते पारोडा आणि परत. प्रत्येकजण एकटा.
पुढे कोणी दिसत नाही,
मागून मिनिटभर अंतरावर
कोणीतरी दात विचकून येत असतो.

कट्.
सीटची नळी काढून पुसली, परत बसवली.
पेडलं उलटीसुलटी. हँडलचे चारी स्क्रू.
रिवणच्या ट्रकांची लाल माती
काडीला कापूस लावून बोटभर खोलातून काढली,
सायकलीच्या पोटात एवढी खाण,
परवाना लागला असता.
सुलक्षा आतून म्हणाली,
ते खोबरेल डोक्याचं आहे.
कट्.

शनिवारी एक वाजून पाच मिनिटांनी रुझारच्या दारात.
इथे जन्म गेला, तरी एक वाजून पाच मिनिटांनी!
दार अर्धं ओढलेलं, आतून घोरणं,
चांगल्या बेअरिंगसारखं, एका लयीत.
चार वाजेपर्यंत पायरीवर बसलो.
समोर पोदेराची सायकल टेकवलेली,
मडगार्डला सुतळी, चेनवर गंज हेच ग्रीस,
रोज दोनदा पावांची पाटी घेऊन गाव फिरते.
तिला कोणी कधी वजन विचारलं नाही.
माझी सात किलो आठशे.
अजून चौदा हप्ते.

रुझारने कान लावला. फिलूला चालवायला दिली.
पोरगी चर्चपर्यंत जाऊन आली. आवाज नाही.
मग मला बसवलं.
कट्.
"सायकल बरी आसा," रुझार म्हणाला,
"हो आवाज तुजे दिंबयेचो."
फिलू हसली नाही, हे तिचे उपकार.
तिने फक्त माझ्या गुडघ्याकडे पाहिलं,
जुन्या गाडीचं मॉडेल ओळखावं तसं.

तिथेच थांबायला हवं होतं.
पण रात्री, सायकलीत काही बिघाड नाही
हे सहन न होऊन की काय,
मागचा गिअर जरा घासतो म्हटलं,
हँगर किंचित वाकडा, सरळ करू हाताने.
थोडा. अजून थोडा.
तुकडा बोटांत आला,
चहात जास्त वेळ धरलेल्या बिस्किटासारखा.
मोठं काही वाचावं म्हणून हा छोटा आधी मोडतो,
असं पुस्तिकेत छापलंय.
पुस्तिका मी साडेदहाला उघडली.

रुझारच्या बाल्कांवात, बल्बभोवती पाखरं,
फिलूने चेन तोडली, सहा कड्या कमी केल्या,
डिरेलर काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत दिला,
ऑपरेशनआधी नातेवाइकांच्या हातात
बांगड्या देतात तसा.
आता एकच गिअर. कुठला, ते सांग.
मी हिशेब मांडायला लागलो :
पारोड्याकडच्या चढाला हलका,
परतीला नदीवरून वारा, तेव्हा मधला,
शेवटचा किलोमीटर, लोक बघत असतात, जड.
कागद भरला. पाठीमागे बँकेचं व्हाउचर,
तेही भरलं.
"पंदरा," ती म्हणाली, आणि पंधरा दातांवर चेन चढवली,
"आनी घरा वचून न्हिद."

झोपलो नाही.

सकाळी प्लायवूडच्या फळीवर
लोटलीकरबाई सीट धरून उभ्या, गळ्यात घड्याळ.
माझ्यामागचा पोर एकोणीस वर्षांचा,
चाकाला आरे नाहीत, सगळं चाक ताटासारखं बंद.
त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं.
"अंकल, गिअर खंय?"
पिशवीत, म्हटलं. घरी.

पाच. चार. तीन.
दोन म्हणायच्या आत पोदेराचा भोंगा वाजला,
पोंक पोंक,
आणि मी निघालो, सेकंदभर आधी.
तो सेकंद धरतात की सोडतात
ते बाईंनाही नक्की माहीत नव्हतं.

कट्. कट्. कट्.
आंबावलीपर्यंत ऐकू येत होतं.
पुढे वारा.