बर्फाखालची कात्री

एप्रिलचा दुसरा आठवडा, आणि आमच्या अंगणात
अजून कमरेएवढा हिवाळा पडून आहे,
छपरावरून घसरून उत्तरेच्या कोपऱ्यात साचलेला,
वरून काजळलेला, आतून निळा.
खाली बंदरात सगळं कधीच मोकळं झालं.
पण आम्ही राहतो चढावर,
आणि ओतारूचा वसंत जिने चढताना दमतो,
प्रत्येक वळणावर टेकतो.

इवाओ शेगडीतली राख घेऊन बाहेर येतो
आणि मुठीमुठीने बर्फावर फेकतो,
बी फोकावं तशी.
काळ्यावर ऊन लवकर बसतं, म्हणतो.
हे तो मला एकेचाळीस वर्षं सांगतोय
आणि मी दर वर्षी विचारते, हो का?

दुपारी बर्फाला खळगे पडतात.
मी दारात बसून संत्रं सोलते नि ऐकते:
पन्हळीतून थेंब, थेंबामागे थेंब,
आणि कुंपणाखाली कुठेतरी
पाण्याला वाट सापडलेली.
कुणाला न सांगता ते निघालंय समुद्राकडे.

मग गाठी.
नोव्हेंबरात सगळी झाडं आम्हीच बांधली होती,
हायड्रेंजियाची मोळी,
ओंकोभोवती तीन बांबू,
पिओनीला गवताची टोपी.
आता दोर भिजून फुगलेत.
काप सरळ, इवाओ म्हणतो.
कशाने कापू? मी म्हणते.

कात्री नाही.
लाल मुठीची, माझ्या वडिलांची,
ज्यांनी जन्मभर हेरिंगची जाळी कापली नि सांधली.
मिसावाबाईंनी नेली होती गुलाबांसाठी.
दिली परत, त्या म्हणतात.
नाही मिळाली, मी म्हणते.
एवढ्या दोन वाक्यांवर आम्ही पाच महिने काढले.
गल्लीतला बर्फ उपसताना
दोघींची फावडी समोरासमोर,
आणि समोर कुणी नाहीच.

तर नखांनी सोडवते.
शेवटचा वेढा सुटतो आणि फांद्या
दचकून बाहेर पसरतात,
झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारख्या.
एक माझ्या गालावर फटकन बसते.
मला हसू येतं, एकटीलाच, मोठ्याने.
टोपीखाली पिओनीचे कोंब:
लाल, बोटभर, रागावलेले.
भिंतीलगत फुकुजुसो उमललंय,
इतकं पिवळं, की वरून जाणारी समुद्रपाखरंसुद्धा
जरा गप्प होतात असं मला वाटतं. (होत नाहीत.)

आणि राखेच्या कडेला, जिथे बर्फ कागदाएवढा पातळ झालाय,
फुकीचे कळे.
फिकट पोपटी, स्वतःभोवती पानं लपेटून
कुजबुजत बसल्यासारखे.
मी वाकते. एक खुडते, दुसरा, चौथा,
पाचव्यापाशी बोटांना गार लागतं काहीतरी.

लाल मूठ.

ओंकोच्या बुंध्याशी, माझ्याच हातून,
शेवटची गाठ मारून झाल्यावर
मीच टेकवून ठेवलेली.
त्या संध्याकाळी बर्फ सुरू झाला होता
आणि मी चहा ठेवायला आत पळाले होते.
आठवलं. सगळं आठवलं, चहासकट.
इवाओ राखेचं घमेलं घेऊन उभा.
काही बोलला नाही. बोलला असता तर बरं.

कळे पिठात बुडवून तळले.
कडू लागतात, पण तो कडूपणा
पाच महिने झोपलेल्या जिभेला हलवून उठवतो.
अर्धे ताटलीत घेतले, वर रुमाल,
आणि गंजलेली कात्री, रुमालाशिवाय.

वाक्य घोकत गेले होते.
मिसावाबाईंनी दार उघडलं,
आधी कात्रीकडे पाहिलं, मग ताटलीकडे.
एक कळा तिथेच उभ्याने तोंडात टाकला,
डोळे बारीक केले.
"मीठ कमी आहे," म्हणाल्या.
आणि मग, "तेल आहे माझ्याकडे. गंज काढते.
गुलाबांचे दोर तेवढे कापून
उद्या आणून देते."

त्याला आता नऊ दिवस झाले.
ओंको अजून बांधलेलाच आहे,
तीन बांबूंमध्ये ताठ, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखा.
इवाओ विचारतो, मागू का?
मी संत्रं सोलते.
राहू दे, म्हणते. कोपऱ्यात बर्फ आहे अजून.