सेंटिमीटर

महिनाअखेरीस मी पोरीच्या कंपासपेटीतली पट्टी काढते
आणि वही उघडून बसते.
कात्रणं भाताच्या शितानं चिकटवलेली,
काहींना मुंग्या लागलेल्या.
एकेक मोजते, उभं.
मथळा धरत नाहीत, फोटो धरत नाहीत.
सेंटिमीटरला साडेतीन रुपये.
या खेपेला दोनशे एक.
म्हणजे महिनाभरात मी दोन मीटर लिहिलं,
झंपराची दोन कापडं निघतील एवढं.

पेपरात माझं नाव ता. प्र.
तालुका प्रतिनिधी लिहायलाही जागा लागते.
सासूला अजून वाटतं, मी पेपर वाटते.
एकदा म्हणाली, उरलेला एखादा आणत जा,
डब्यांखाली घालायला होतो.

टिकाराम गुरुजींनी एकतीस वर्षं बातम्या
पाकिटात घालून साकोलीच्या कंडक्टरकडे दिल्या.
मला त्यांनी एवढंच शिकवलं:
आधी नाव नीट लिहून घे.
माणूस गेला तर एकदाच जातो,
नाव चुकलं तर रोज जातो.
मग चष्मा पुसत म्हणाले,
आणि पंधरा ऑगस्टच्या जाहिराती आतापासूनच धर.

जाहिरातीत पंधरा टक्के.
सरपंच हिवराजभाऊंची पाव पान ठरलेली, रंगीत, हात जोडलेला फोटो.
त्याच आठवड्यात त्यांच्या भाच्याचे टिप्पर
तलावाच्या पाळीचा मुरूम नेताना मी पाहिले.
नंबर लिहून घेतले. चार होते.
खरं सांगायचं तर तीन दिवस ते पान
मी वहीत दुमडून ठेवलं होतं.
चौथ्या दिवशी पाठवलं.
नऊ सेंटिमीटर आली. साडेएकतीस रुपये.
पाव पान गेलं.
हिवराजभाऊ चौकात भेटले, हसले, चहा पाजला.
तो चहा अजून घशाशी आहे.

त्याच पाळीवर इंदुबाई दिघोरे बसली होती,
जाळ्याच्या गाठी सोडवत.
विचारलं, मासोळी का नाही औंदा?
ती म्हणाली,
“तलाव काई आटला नाही बाई,
तलावानं आमच्याकडं पाठ केलन.”
मी ते जसंच्या तसं पाठवलं.
नागपूरहून डेस्कचा फोन:
भावना नको ताई, आकडा द्या. किती हेक्टर?
इंदुबाई गेली. हेक्टर राहिले.

त्या रात्री भांडी घासून झाल्यावर
मी पट्टी बाजूला ठेवून लिहायला बसले.
मामा तलाव, धिवरांची सोसायटी,
बेशरमीची झुडपं पाण्यात कुठवर आली,
इंदुबाईच्या नवऱ्याची फुटकी डोंगी, जिच्यात आता कोंबड्या बसतात.
अकरा रात्री. मधे दोनदा लाईट गेली.
पुण्याच्या एका मासिकाला पाठवलं,
पाठवताना हात बातमी पाठवताना कापत नाही तसा कापला.

सात महिन्यांनी अंक आला.
सहा पानं, इंदुबाईच्या वाक्यासकट.
वर माझं पहिलं नाव:
देवकन्या रांगडाले.
रहांगडालेतला ह
नागपूर आणि पुण्याच्या मधे कुठेतरी सांडला.
गुरुजी असते तर पेन मागितला असता.
मानधन अजून यायचं आहे.

अंक घेऊन पाळीवर गेले.
इंदुबाईनं ओले हात लुगड्याला पुसले,
पानावर वीत ठेवली,
मग दुसरी.
“एवढी बोलली होती का मी?”
मी म्हटलं, तू एकच वाक्य बोललीस.
“मग बाकीचं कोनाचं?”

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात फोन वाजला,
लाखांदूर रस्त्यावर ट्रॅक्टर उलटला,
फोटो लवकर पाठवा.
गाडीला किक मारली.
मागं वळून पाहिलं तर ती अजून
अंक उलटा धरून
टिप्परच्या फोटोवर बोट ठेवून
मोजत होती चाकं.