एक युआन

अहमदाबादच्या सल्लागाराने बारा हजार घेतले
आणि दोन पानं पाठवली.
कार्ड दोन्ही हातांनी घ्या, लगेच खिशात टाकू नका.
चारचा आकडा टाळा.
वयाने मोठा कोण, ते आधी ओळखा.
धैर्यशील म्हणाला, गुप्तेबाई, हे तुम्ही पाठ करा,
मला भट्टीच्या दराचं बघू दे.

मकरपुऱ्यात आमचा कारखाना.
विजेच्या खांबांवर ते पांढरे कप असतात ना, उलटे टांगलेले,
ते आम्ही करतो. चिनी मातीचे.
माती थानगढची, नाव तेवढं तुमचं,
असं मी बोलून गेले, दुभाषी मुलीने ते पलीकडे नेलं
आणि म्हातारे श्यू हसले.
पहिल्या दिवसाची कमाई एवढीच.

मग दोन दिवस दराचा शब्द नाही.
राजवाडा दाखवला. सुरसागरला एक चक्कर.
सेव-उसळ खाताना श्यूंच्या डोळ्यांतून पाणी
तरी पाव पुन्हा मागितला.
मुलं किती, आई आहे का,
जिना चढताना कोणता गुडघा दुखतो (डावा)
सगळं विचारून झालं.
धैर्यशील कोपऱ्यात, मोबाइलवर तारखा मोजत.
बैठक कधी सुरू होणार, बाई?
अरे, परवापासून चालू आहे.

रात्री जेवणात ते ग्लास घेऊन उभे राहिले.
आमच्याकडे दारूबंदी.
मसाला ताकाने गनबेई केलं,
तळ दिसेपर्यंत, प्रत्येकाने प्रत्येकाशी.
सकाळी कोणालाच नाश्ता नको होता.

तिसऱ्या दिवशी धैर्यशील म्हणाला, दहा टक्के कमी करा.
श्यू कपातल्या चहाच्या पानाकडे बघत राहिले,
ते पान तळाला बसेपर्यंत.
मुलगी म्हणाली, थोडं अवघड आहे म्हणतात.
अभ्यास करून सांगतील.
धैर्यशील खूश. अभ्यास करतायत!
मी टेबलाखालून त्याच्या बुटावर पाय ठेवला.

'कळवतो' म्हणून उठलेले तेवीस जण
मी बसल्या जागेवरून मोजलेत.
पोहे छान होते. मुलगी सालस आहे. कळवतो.
नाही कोणीच म्हटलं नाही.
ही भाषा मला येते.

म्हटलं, दर राहू दे तोच.
पण विटा लावायला तुमचा माणूस
दोन महिने इथे ठेवा, जेवण आमचं.
श्यूंनी मान वर केली, मुलीकडे न बघताच,
जणू मी त्यांच्याच भाषेत बोलले.

निघताना धैर्यशीलने भेट दिली:
भिंतीवरचं घड्याळ, तबकडीवर आमचं नाव.
हे दोन पानांत नव्हतं.
मुलीचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी म्हणाली,
घड्याळ दिलं, हे आमच्यात ऐकायला
मरणाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं लागतं.

श्यूंनी ते दोन्ही हातांनी घेतलं.
मग खिसे चाचपले, डावा, उजवा, कोटाचा आतला,
आणि एक नाणं टेबलावर ठेवलं.
एक युआन.
हे कसले पैसे, धैर्यशील म्हणाला.
घे मुकाट्याने, त्यांनी घड्याळ विकत घेतलंय.
आई शेजारच्या रजनीबेनला नवी सुरी देताना
पाच पैसे आधी हातावर मागायची.
फुकट दिलं की धार मैत्रीला लागते म्हणायची.
ते घड्याळ त्यांनी कुठे लावलं
मी कधी विचारलं नाही.

भट्टी आली ती तीन आठवडे उशिरा,
एक झडप भलत्याच मापाची.
धैर्यशील करार उघडून कलमावर बोट आपटत होता,
हे बघा, लिहिलंय, सही आहे!
मी दार लोटलं,
श्यूंना फोन लावला
आणि डाव्या गुडघ्याचं विचारलं.