पालच्या शेडमध्ये, दिवस अकरावा

नेहेते सर आज पुण्याचे पाहुणे झालेत.
डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात भिंग तडकलेली दुर्बीण.
खुर्च्यांच्या दोन रांगा म्हणजे जिप्सी.
मी पुढे उभी,
तोंड पाहुण्यांकडे, पाठ जंगलाकडे.
पहिल्या दिवशी नेमकं हेच उलटं झालं होतं माझं.

"वाघ कुठंय?"
शिकवल्याप्रमाणे आधी हसते, मग माहिती.
"सर, आमच्या सातपुड्यात वाघ दिसत नाही, असतो."
"पाच हजार भरलेत मी. असतो म्हणजे काय?"

मागच्या रांगेत गेमसिंग पावरा खाली मान घालून हसतो.
काल त्याची पाळी होती:
तुमचा होळीचा नाच जेवणाआधी दाखवणार की नंतर?
तो बराच वेळ गप्प उभा. पंखा फिरत होता.
मग म्हणाला, होळीला या.
सरांनी वहीत काही लिहिलं,
खोडलं.

मला प्रत्येक झाडाची तीन नावं येतात आता.
घरचं एक, पुस्तकातलं एक,
आणि ते शास्त्रीय, जिभेवर खिळ्यासारखं.
हा कहांडोळ, मी बोट दाखवते (शेडच्या खिडकीतून दिसतो),
उन्हाळ्यात पानं टाकून पांढराफटक उभा राहतो,
साहेब लोक याला भुताचं झाड म्हणायचे.
इथे पाहुणे फोटो काढतील, थांबायचं.

याच्या डिंकावर बानं माझी आठवी-नववी काढली.
एक पोतं याच शेडमध्ये जप्त होऊन पडलं होतं,
पंचनाम्यावर बाचा अंगठा.
खालची सही सरांची नाही, मी बघितलंय.
ते तेव्हा शिरपूरला होते.
हे सांगायचं की नाही, नोट्समध्ये नाही.

दुपारी सुकी नदीच्या पात्रात.
खडकावर उदमांजराची विष्ठा, बोरांच्या बियांनी भरलेली.
मी काडीनं उकलून दाखवते, सगळे वाकतात,
सरसुद्धा, टोपी विसरून.
पाच हजारातले शंभर वसूल झाले, म्हणतात.

मग रानपिंगळा. परीक्षेत हमखास येणार.
एकशे तेरा वर्षं कुणालाच दिसला नव्हता,
संपला म्हणून लिहून टाकला होता पुस्तकात,
मग सापडला शहाद्याकडे.
हे मी रात्री मुनीराफुप्पीला म्हणून दाखवलं,
हातवारे करून, आवाज उतरवून, जसा उतरवायचा तसा.
ती कळण्याची भाकर थापत होती.
"कुणालाच म्हंजे कुणाला वं?"
आणि भाकर उलटली.

त्यावर उत्तर शोधतेय तेव्हापासून.

"घरटं दाखवा," सर पुन्हा पाहुणे होतात.
मला ती ढोली माहीत आहे.
नाल्यापलीकडे, वीज पडलेल्या सागात, पुरुषभर उंचीवर.
गेमसिंगलाही माहीत आहे. तो आभाळाकडे बघतो.
"सर, विणीचा काळ आहे," मी म्हणते. "आवाज ऐकवते.
दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही."

सगळ्यात अवघड हेच, पैसे देऊन आलेल्यांना गप्प बसवणं.
खालून रावेरच्या रस्त्यानं केळीचा ट्रक चढतो,
कुणाचा तरी फोन थरथरतो,
सर घड्याळ बघतात, मग बघत नाहीत.
काहीच ओरडलं नाही.
तरी कुणी लगेच उठलं नाही.

शेरा मिळाला: आवाज स्पष्ट. वनस्पती उत्तम.
वाघाचं उत्तर सुधारावे.
खाकी शर्टाच्या बाह्या चार बोटं मोठ्या,
आणि छातीवरच्या पट्टीवर 'जैतुन तडवी', ऱ्हस्व.
दुरुस्तीला जळगावला पाठवतील म्हणे.

घरी येताना बकऱ्यांना सामोरी उभी राहून म्हणते,
नमस्कार, आपलं स्वागत आहे,
आधी उजवीकडे बघा.
पाठीमागे नाल्यापलीकडून तो दोनदा ओरडतो.
नियम असा, आधी पाहुण्यांनी वळायचं, मग आपण.

बकऱ्या बाभळीच्या शेंगा खातायत.
मी वळते.