सामाईक भिंत

सार्दिसच्या संगमरवरी हमरस्त्यावर माझं दुकान.
पणत्या, वाती, तेलाची मापं.
मागची भिंत सिनेगॉगची,
डावीकडची एउलोगिओस रंगाऱ्याची.
भिंतींना कान असतात म्हणतात,
डावीकडच्या भिंतीला तोंड आहे.

थंडी सरली की एका संध्याकाळी
तिच्यातून केरसुणीचा आवाज येतो,
कोनाडे खरवडल्याचा, पेटारा सरकवल्याचा,
मग सगळं गप्प, आणि विटांच्या फटीतून
हलता उजेड.
आंबवलेल्या पिठाचा शेवटचा कण शोधतात ते,
माझ्याकडनंच नेलेली पणती हातात धरून.
तेव्हा मला कळतं, उद्या चौदावा चंद्र.

माझा सासरा अर्तेमास याच चंद्राला उपास धरायचा,
येशूचं मरण आठवत रात्र जागायचा,
कोंबडा आरवला की भाकरीचा तुकडा मोडायचा.
तिथी कुठनं आणलीस,
असं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

यंदा डीकन ग्लिकोन आला, मेणपाटी घेऊन.
उंबऱ्यातच उभा राहून वाचू लागला:
शनिवारी हात आखडून बसू नये.
(शुक्रवारची उन्हं उतरली की
माझे हात आपोआप फळ्या ओढतात;
अर्धा रस्ता ओस पडतो, विकायचं कुणाला?)
त्यांच्या सणाची भाकरी घेऊ नये.
त्यांच्या सभाघराला तेल देऊ नये.
फुकट देऊ नये, की विकूही नये, मी विचारलं.
त्यानं पाटीकडे पाहिलं.
पाटीवर तेवढं नव्हतं.
सण कधी, हे त्यांना विचारू नये,
ते आता बिशप कळवतील.

मग म्हणाला, नाव?
सांबातिस.
शनिवारी जन्मले म्हणून आईनं ठेवलं.
आई तेव्हा ना त्यांच्यातली, ना आमच्यातली,
पाक्तोलोसच्या काठी धुणं धुणारी,
चंद्रदेवासाठी दूध ओतणारी बाई.
त्याची लेखणी मेणावर थांबली.
शनिवार खरवडून काढ, मी म्हणाले,
उरेल ते लिही.
तो हसला नाही.
याला मी पाळण्यात पाहिलंय.
ताप चढला की याची आई धावत जाऊन
सिनेगॉगमधल्या म्हाताऱ्याकडून दोरा आणायची,
दंडाला बांधायची.
हे मी बोलले नाही.

फळीवर पणत्यांच्या दोन रांगा:
सात फांद्यांचा दिवा कोरलेल्या,
आणि क्रूसाच्या.
कुंभार एकच, माती एकच,
साचा फक्त वरच्या अर्ध्याचा वेगळा.
ग्लिकोननं एक उचलली, अंगठ्यानं धूळ पुसली,
जवळ धरून पाहिली,
आणि बोलता बोलता
दुसऱ्याच रांगेत ठेवून गेला.

काल केरसुणी ऐकली. उजेड हलला.
आज अंधार पडल्यापासून मी दाराकडे पाहतेय.
दरवर्षी एउलोगिओसची मारिन
फडक्यात झाकून आणते
चपटी, करपल्या ठिपक्यांची भाकरी,
म्हणते, चव नाही हं तिला,
आणि दोघी मिळून मोडतो.
यंदा आली नाही.
माझ्यावर बोल येऊ नये म्हणून,
की तिच्याही उंबऱ्यात कुणी
पाटी घेऊन उभं राहिलं होतं?
भिंतीनं एवढं सांगितलं नाही.

बिशपांचा सण अजून महिनाभर लांब.
म्हणजे आज मी जेवायचं.
ताट पुढ्यात घेतलं,
भाकरी छान फुगली होती,
घास मोडला, परत ठेवला.
चंद्र कौलांवर आलाय.
पलीकडे पोरं काहीतरी म्हणताहेत, एकसुरात,
मधेच एक चुकतं, सगळी हसतात.

कोंबडा एउलोगिओसचाच आहे.
तो आरवेपर्यंत थांबते.