आईचं नाव आधी

मार्चचा तिसरा आठवडा. टायरोनचा वारा
हात खिशाबाहेर काढू देत नाही,
आणि हे काम हातमोजे घालून होत नाही.
डॅफोडिलची कळी उमलायच्या आदल्या दिवशीच उघडायची,
चिमट्यानं सहाही पुंकेसर खुडायचे,
स्वतःचाच पराग स्वतःला लागू नये म्हणून.
मग फ्रीज. अंड्यांच्या कप्प्यात
औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये
गेल्या आठवड्यातल्या फुलाचा पिवळा भुगा.
डेर्व्ला विचारायची,
"यातली माझी रक्तदाबाची कुठली?"

ब्रशचं टोक, एक स्पर्श. झालं.
याला लग्न म्हणायचं तर
वऱ्हाडात फक्त एक ओली मेंढी, कुंपणापलीकडची.
देठाला चिठ्ठी, वहीत नोंद:
आईचं नाव आधी, मग फुली, मग बापाचं.
हा नियम. तीस वर्षं पाळतोय.

आमच्या वेळी वह्या दोन होत्या.
एक तिच्या चर्चची, एक माझ्या.
दोन्हींत आमचं पान नाही.
बेलफास्टच्या कचेरीत, एका गुरुवारी,
साक्षीला माझ्या डेपोतला एक कंडक्टर
आणि फूटपाथवरून बोलावून आणलेली एक बाई.
सही करताना तिनं हातातला कोबी
डेर्व्लाकडे दिला.
आमच्या एकुलत्या फोटोत तो आहे.

जूनअखेर बोंडं तडकतात. आत बी,
कांद्याच्या बियांसारखं काळं, चकचकीत.
पहिल्या वर्षी उगवते गवताची एक काडी.
लोक फाटकाशी थांबून विचारतात, पेरलंय काय?
पण जमिनीखाली मुळं आक्रसत असतात,
कंदाला दर वर्षी थोडं थोडं खाली ओढतात,
पोहरा सोडावा विहिरीत, तसं.
पाचव्या वर्षी फूल. कधी सातव्या.
मी एक्काहत्तरचा. हिशेब मलाही येतो.

आणि आलेलं फूल? शंभरांतली पंच्याण्णव फेकायची.
पाकळीला खाच, फेका.
मान खाली, फेका.
पेला फार मोठा, फार लहान, आईसारखाच, बापासारखाच, फेका.
प्रदर्शनात मिसेस कॅरुदर्स चष्मा पुसतात,
वरची पाकळी बरोबर बाराच्या काट्यावर आहे का बघतात,
आणि पुढं सरकतात. काही बोलत नाहीत.
चार वेळा दुसरं बक्षीस. एकदा पहिलं, त्या वर्षी गारा पडल्या होत्या
आणि टेबलावर आम्ही तिघेच होतो.

मी फेकलेले कंद डेर्व्ला उचलायची.
तेलाच्या टाकीमागे, चिडवणीत, टाचेनं खड्डा करून पुरायची.
"तिकडे माश्यांची अळी लागेल," मी म्हणायचो.
"लागू दे. तुझं काय जातंय?"
नोंद नाही, चिठ्ठी नाही, खत नाही.
ती गेल्यापासून मी तिकडे फिरकलो नव्हतो.

काल टाकीत किती तेल उरलंय बघायला गेलो.
चिडवणीतून वर एक फूल.
पाकळ्या पांढऱ्या, सपाट, इस्त्री केल्यासारख्या,
पेला सोललेल्या कोळंबीच्या रंगाचा, देठापर्यंत तोच रंग,
जो मी तीस वर्षं शोधतोय
आणि जो माझ्या वाफ्यात कधी आला नाही.
मी गुडघे टेकले. उठायला वेळ लागला.

मिसेस कॅरुदर्सना फोन केला. त्या आल्या,
बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या.
"आई कोण याची?"
"माहीत नाही."
"बाप?"
"स्ट्रूल नदीला कुणी मूळ विचारत नाही," मी म्हणालो.
"नदी प्रदर्शनात मांडत नाहीत," त्या म्हणाल्या,
पण चष्मा मात्र दोनदा पुसला.

संध्याकाळी पराग काढला. कॅप्सूल भरली,
अंड्यांच्या कप्प्यात ठेवली.
वही उघडली.
आईचं नाव आधी.
डेर्व्ला, असं लिहिलं. फुली मारली.
पुढं पेन तसंच राहिलं.
बाहेर वारा चढत होता
आणि फुलावर छत्री रोवायची राहिली होती.